पट्टीवरचं नाव

रोज सकाळी शाळेचं फाटक उघडलं, की माझी मावशी आत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मानेमागे बोट घालायची. स्वेटर असो नाहीतर शर्ट, गळ्याच्या आतून बोट फिरवून तिथं शिवलेली नावाची पट्टी आहे की नाही ते चाचपायची. वाचायची नाही. तीनशे मुलं आणि हातात जेमतेम अर्धा तास. वाचत बसली असती तर पहिली घंटा दुपारी झाली असती. पट्टी लागली की "पळ." नाही लागली की "आईला सांग, मावशी सुईदोरा घेऊन घरी येतेय." थंडीत तिचं बोट बर्फाच्या कांडीसारखं व्हायचं. मुलं दहा पावलांवरूनच माना आत ओढून घ्यायची आणि किंचाळायची. मीही त्या शाळेत पाच वर्षं किंचाळले आहे.

ती माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. पण शाळेत तिला सगळेच मावशी म्हणायचे. मुलं, बाई, सिस्टर, मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, सांगायला येणारे पांढऱ्या केसांचे फादरसुद्धा. पहिलीत असताना मला याचा फार राग यायचा. "तू खरी माझीच आहेस ना?" असं मी एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "शाळा सुटल्यावर तुझी."

तिचं लग्न दोन वर्षंही टिकलं नाही. नवरा वाईट नव्हता, असं ती म्हणायची. फक्त तो घरी नसायचा, आणि एक दिवस तो कायमचाच नव्हता. बाविसाव्या वर्षी ती शाळेत झाडलोटीला लागली आणि एकतीस वर्षं तिथंच राहिली. फाटक, घंटा, पाण्याच्या टाक्या, लहान वर्गांची मोरी, कुणी ओकलं तर त्यावर टाकायचा लाकडाचा भुसा, हे सगळं तिच्याकडे. पण तिचा जीव होता तो जिन्याखालच्या कपाटात. तिथं हरवलेल्या वस्तू ठेवत. ती त्याला पाळणाघर म्हणायची. "आज पाळणाघरात तीन डबे आणि एक बूट आलाय. एकच. दुसऱ्या पायानं काय केलं असेल देव जाणे."

वस्तूवर नाव असलं, तर ती त्याच दिवशी ज्याची त्याला परत जायची, तीही गुपचूप, दप्तरात सरकवून. वर्गासमोर हरवलेली वस्तू परत देणं म्हणजे मुलाचा पाणउतारा, असं तिचं मत होतं. नाव नसलेल्या वस्तूला ती चिठ्ठी टाचायची: कुठं सापडली, कोणत्या वारी. ती आमच्याच घरी राहायची. शनिवारी कपडे घरी आणून धुवायची. आमच्या दोरीवर कायम कुणाच्या तरी मुलांचे मोजे वाळत असायचे आणि आई म्हणायची, "लोकांना वाटतं मला डझनभर पोरं आहेत."

मावशीला एकाच गोष्टीचा अभिमान होता. "नावाची वस्तू माझ्याकडे मुक्कामाला राहत नाही," असं ती म्हणायची. मी शाळा सोडून कितीतरी वर्षं झाल्यावर, एका वर्षी मात्र एक राहिली.

तिसरीत एक मुलगी होती. मावशी तिला भिंगरी म्हणायची, कारण ती चालायची कमी आणि स्वतःभोवती फिरायची जास्त. आमच्या शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपायचं. त्या वर्षाच्या सुरुवातीला, थंडी अजून पुरती सरली नव्हती तेव्हा, आठ दिवसांच्या तापात ती गेली. वर्गात तिचं बाक महिनाभर तसंच ठेवलं होतं. मग बाईंनी एके दिवशी मुलांच्या जागा बदलल्या, सगळ्यांच्याच, म्हणजे एकच जागा बदलली असं दिसू नये. त्या दिवशी मावशी घरी आली आणि न जेवता झोपली.

मग पावसाळा आला नि गेला आणि पुन्हा थंडी पडायला लागली. वर्ष संपायला दीड महिना असताना, हॉल झाडताना तिला पियानोच्या मागे एक हिरवा स्वेटर सापडला. धुळीनं माखलेला. तिनं गळा उलटा केला. पट्टीवर भिंगरीचं नाव होतं.

तिथं तिला विचार करायला काही उरलंच नाही. नाचायच्या तासाला अंगातला स्वेटर काढून भिरकावणं ही भिंगरीची सवयच. पडला असेल पियानोमागे, राहिला असेल. तिनं त्याला चिठ्ठी टाचली नाही, पाळणाघरात ठेवला नाही. स्वतःच्या लोखंडी पेटीत, डबा आणि छत्रीच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. आणि धुतला नाही.

"का नाही धुतलास?" मी तिला विचारलं. मला ती गोष्ट खूप नंतर कळली, शेवटच्या आठवड्यात.

"तिच्या आईला तिचा वास नको का मिळायला?" ती म्हणाली.

तिला तो भिंगरीच्या आईला द्यायचा होता. पण दर दिवशी काहीतरी आडवं येत होतं. खरं म्हणजे तिचा धीर होत नव्हता.

त्याच दिवसांत फाटकाशी रोज एक संवाद चालायचा. दुसरीत एक मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेली, म्हणून तिचं नाव खिडकी. बाप लांबच्या गाड्या चालवायचा, घरी एक आजी. ही पोर बिनस्वेटरची यायची, ओठ निळे करून.

"काय गं खिडके, स्वेटर कुठंय?"

"धुवायला टाकलाय."

दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं तेच.

"अजून धुताहेत? रंग राहिला का त्याला काही?"

मुलं हसायची. खिडकीही हसायची, तोंडावर हात धरून.

"वेंधळी कुठली. आजीला त्रास देतेस नुसता. उद्या स्वेटर घालून आली नाहीस तर फाटकातनं परत पाठवीन."

अर्थात कधी पाठवलं नाही. पण ओरडणं रोज चालू होतं. मावशीचं ओरडणं मनावर घ्यायचं नसतं हे आम्हा मोठ्यांना ठाऊक होतं. सात वर्षांच्या मुलीला ठाऊक असेलच असं नाही.

वर्षाचा शेवटचा आठवडा म्हणजे शाळेत नुसती धावपळ. ऑफिसातल्या बाई वर्षअखेरचं पत्रक तयार करत बसायच्या आणि येणाऱ्या जाणाऱ्याला वाचून दाखवायच्या. शुक्रवारी नऊ वाजता मिस्सा, मग हॉलमध्ये गाणी, मग बक्षिसं. ग्रंथालयाची पुस्तकं बुधवारपर्यंत जमा करा. चित्रकलेच्या बाई पुढच्या वर्षी नसणार, त्यांना शुभेच्छा. दुसरीच्या वर्गानं लावलेल्या झाडाला पहिलं फूल आलं. हरवलेल्या वस्तू सोमवार ते गुरुवार व्हरांड्यातल्या टेबलांवर मांडलेल्या असतील. शुक्रवारी उरलेल्या वस्तू पोत्यात भरून गरजूंना दिल्या जातील. आणि सर्वांत शेवटी, चौकटीत: मिस्सेमध्ये या वर्षी आपल्यातून गेलेल्यांची नावं घेतली जातील. एक निवृत्त बाई, एक माळी, आणि भिंगरी.

सोमवारी टेबलं मांडून झाल्यावर मावशी मोठ्या सिस्टरांच्या खोलीत गेली. मोठ्या सिस्टर म्हणजे मुख्याध्यापिका. वर्तमानपत्राची पुडी तिनं टेबलावर ठेवली.

सिस्टरांनी पट्टी वाचली आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"मावशी, ती बाई शुक्रवारी येणार आहे. नाव ऐकायला. तेवढंच तिला किती जड जाईल. त्यात हे कशाला?"

"मग काय करू?"

"शुक्रवारच्या पोत्यात घाला. कुणाच्या तरी अंगाला ऊब येईल. तिलाही आवडेल ते, कळलं तर."

"नावाची वस्तू मी पोत्यात घालत नाही, सिस्टर."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"तुम्हीच म्हणाला होतात मागे, की म्हणून शाळा चालते."

सिस्टर हसल्या, पण डोळे मिटून. "गुरुवारपर्यंत विचार करा," म्हणाल्या.

ते चार दिवस मावशी घरात वेगळीच होती. पुडी पेटीतून काढून ती घरी घेऊन आली होती. उशाशी ठेवायची, मग उचलून कपाटात ठेवायची. आईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "देऊन टाक. आई आहे ती. मी असते तर मला हवा असता." मी म्हणाले, सिस्टरांचं बरोबर आहे. मावशी म्हणाली, "तुला अजून पोरबाळ नाही," आणि आई म्हणाली, "तुला तरी कुठंय?"

गुरुवारी संध्याकाळी ती गेली. मला सोबत नेलं. एकटीनं उंबरा ओलांडवणार नाही म्हणाली.

भिंगरीची आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकान चिंचोळं, दोन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे आत गेल्या गेल्या आम्ही सहा-सात जणी झालो. ती काउंटरमागे वाकून एका चष्म्याची काडी बसवत होती. बोटाएवढा स्क्रूड्रायव्हर, तांदळाच्या कणीएवढे स्क्रू, एका पितळी बशीत. मावशीला बघून ती उभी राहिली.

"मावशी, तुम्ही? चष्मा मोडला की काय?"

"नाही गं बाई. हे द्यायचं होतं." मावशीनं पुडी पुढे केली. "पियानोच्या मागं सापडला. तसाच ठेवलाय. धुतला नाही मी."

तिनं कागद सोडला. स्वेटर बघून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं तो उचलून नाकाशी धरला. मावशीनं मान खाली घातली.

"हा तिचा वास नाही," भिंगरीची आई म्हणाली.

"अगं, इतके महिने झाले…"

"नाही. बामचा वास आहे. डोकेदुखीच्या बामचा." मग तिनं स्वेटर खाली ठेवला आणि त्यावर हात पसरले. "मावशी, हा मी दिला होता. जुन्या गणवेशांच्या कपाटात. पालक समितीच्या बाईंकडे, थंडीच्या आधी. तिचे सगळेच कपडे दिले मी."

जुन्या गणवेशांचं कपाट शनिवारी उघडायचं, आणि शनिवारी मावशी घरी मोजे धूत असायची. कपडे नेणाऱ्यानं जुनी पट्टी उसवून आपली शिवायची असा नियम होता. पण ज्या घरात सुई धरायला एक थरथरत्या हातांची आजीच आहे, तिथं पट्टी कोण उसवणार, हा विचार तो नियम करणाऱ्यांनी केला नव्हता.

"समितीच्या बाईंनी मला सांगितलं होतं कुणाला दिला ते," भिंगरीची आई पुढं म्हणाली. "दुसरीत आहे. दात पडलेत समोरचे. मंगळवारी माझी अर्धी सुट्टी असते. शाळा सुटायच्या वेळी मी समोरच्या बस थांब्यावर उभी राहायची. काही नाही, नुसतं बघायची. अंगात दिसला की पुढच्या बसनं जायची. मग एके मंगळवारी दिसला नाही, नंतरही नाही. वाटलं, तोकडा झाला असेल. पोरं वाढतात."

"खिडकी," मावशी म्हणाली. आवाज असा आला की काउंटरच्या टोकाला चष्मे पाहणारं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "बामचा वास. आजीपाशी झोपते ती. रोज येतो तिचा वास मला. रोज बोट फिरवत होते गं मी त्या नावावरून."

मग तिला आणखी एक आठवलं, आणि ते तिनं मला परतीच्या वाटेवर सांगितलं. खिडकी एकदा पाळणाघराशी आली होती. "मावशी, हिरवा स्वेटर आलाय का?" मावशीनं विचारलं, "नाव आहे त्याच्यावर?" खिडकीनं बराच विचार केला आणि मान हलवली: नाही. तिचं नाव तर त्यावर नव्हतंच. मावशीनं बिननावाचे चार स्वेटर दाखवले. तिनं चारही नीट घडी करून परत दिले. आणि मावशीची पेटी तिथून चार हातांवर होती.

"तिला देते," मावशी म्हणाली. "उद्याच्या उद्या देते. मला माफ कर."

"त्यात माफ काय करायचं?" भिंगरीची आई म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठीच जपलात." ती मागे वळली आणि एका खणातून बारीक कात्री काढली. पट्टीचा एकेक टाका उसवायला लागली. तिनंच कधीतरी शिवलेले टाके होते, दाट, दुहेरी दोऱ्याचे. निघता निघत नव्हते. गिऱ्हाईक खोकलं. "एक मिनिट हं," ती त्याला म्हणाली, मान वर न करता. पट्टी निघाली तशी तिनं ती स्क्रूंच्या बशीत ठेवली, स्वेटरची घडी घातली, आणि मग त्या माणसाला विचारलं, "जवळचा की लांबचा?"

शुक्रवारी मिस्सेमुळे सगळी मुलं धुतल्यासारखी स्वच्छ आली होती. मावशीनं त्या दिवशी कुणाच्याही मानेला हात लावला नाही. मुलं माना आखडून आली आणि काहीच झालं नाही म्हणून वळून वळून बघत आत गेली. खिडकी आली, खोकत. तिनं मावशीनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "आज वाळत घातलाय."

"इकडे ये," मावशी म्हणाली. तिला फाटकाच्या आड घेऊन गेली. स्वेटर रात्री धुऊन शेगडीपाशी वाळवला होता, अजून कोमट होता. खिडकीनं बघितला, ओळखला, आणि एक पाऊल मागे सरकली.

"कुठं होता?"

"माझ्याकडे होता."

"तुझ्याकडे? कधीपासून?"

"हरवला तेव्हापासून."

खिडकीनं यावर विचार केला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. गणित समजत नसलं की मुलं बघतात तशी बघत होती.

"मग मला ओरडायचीस का?"

मावशी गुडघ्यावर बसली. एकतीस वर्षांत तिनं या फाटकाशी हजार उत्तरं दिली होती, एकापेक्षा एक तिखट.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"आजीनं मारलं नाही," खिडकी म्हणाली, जणू मावशीला बरं वाटावं म्हणून. "ती फक्त रडली. म्हणाली, हरवला तर हरवला, आता दुसरा कुठून आणायचा." मग तिनं हात वर केले. मावशीनं स्वेटर तिच्या डोक्यातून घातला. दीड महिन्यात की काय कोण जाणे, बाह्या तोकड्या झाल्या होत्या. मनगटं उघडी राहिली, लाल, उललेली. मावशीनं बाह्या खाली ओढल्या. त्या परत वर गेल्या.

मिस्सेत भिंगरीचं नाव घेतलं तेव्हा तिची आई शेवटच्या बाकावर होती. दुसरीची मुलं उजवीकडे दोन ओळींत बसली होती, सगळी हिरवी, पाठमोरी. त्यातली कुठली ते तिला कळलं असेल का, मला माहीत नाही. ती त्या बाजूला बघत होती एवढं खरं. मोठ्या सिस्टर मावशीशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मावशीनं त्यांना हळूच सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "पुढच्या वर्षी पाळणाघर दुसऱ्या कुणाला द्या. मला आता माझाच भरवसा नाही."

"सुट्टीनंतर बोलू," सिस्टर म्हणाल्या. "सुट्टी घ्या आधी."

दुपारी पोती भरली. टेबलं पुसली. फाटकाला कुलूप लागलं.

सुट्टीत मावशी विणत बसली. त्याच हिरव्या रंगाची लोकर मिळावी म्हणून आम्ही तीन दुकानं हिंडलो. स्वेटर मागून आणून त्याच्याच बाह्या वाढव, असं आईनं सुचवलं, तर मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की आईनं विषयच सोडला. "परत तिच्या अंगावरून काढू? जन्मात नाही." ती बाह्यांची टोकं सुटी विणणार होती आणि शाळा उघडल्या दिवशी फाटकाशीच बसून जोडून देणार होती. पाच मिनिटांचं काम, म्हणाली.

सुट्टीच्या चौथ्या दिवशी, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्याच ती गेली. एक टोक पुरं झालं होतं, दुसरं सुईवर होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय. छातीत कळा येत असणार, बरेच दिवस. कुणाला सांगितलं नव्हतं. ती टोकं पुढं आईनं पुरी केली, आणि शाळा उघडली तेव्हा मी नेऊन दिली. खिडकीनं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "मावशी कुठंय?" मी सांगितलं.

त्या चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेर निघाले होते. मावशी दाराशी उजेडाला बसली होती, चष्मा नाकावर, ओठांत टाके मोजत. मी चपला घालत होते. मान वर न करता ती म्हणाली, "पोरीच्या मनगटाचं माप घ्यायचं राहिलं बघ. जाऊ दे, दोन बोटं जास्तच विणते. वाढतं अंग आहे."